पगार कमी, तरी माणसं शेठची कंपनी का सोडत नाहीत?

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. एक ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या मोठ्या कंपनीत, पण नेमणूक एजन्सीमार्फत आणि अकरा महिन्यांच्या करारावर. दुसरी रबाळ्याच्या एमआयडीसीत, तिसरी पिढी चालवत असलेल्या एका पॅकेजिंगच्या कंपनीत, अकाउंट्सला. दुसरीकडे महिन्याला सहा हजार कमी. मुलीचा कल दुसरीकडे, आणि वडिलांना ते काही केल्या पटेना. "सहा हजार म्हणजे वर्षाचे बहात्तर हजार झाले. ते कशाच्या बदल्यात सोडायचे, सांगा ना," असं म्हणत ते रविवारी सकाळी माझ्याकडे आले. मी बावीस वर्षं ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या-मध्यम कंपन्यांची पगारपत्रकं, पीएफ आणि ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) काम बघतो, म्हणून माझ्याकडे.

हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत निघतो. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा 'मोठी कंपनी म्हणजे पक्की नोकरी' या समजाला तडा गेला. पाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि नियुक्तीपत्र, ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम) हे शब्द जेवणाच्या टेबलावर आले. त्या वडिलांना मी जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथे लिहितो.

घरची कंपनी म्हणायची तरी कुठली?

आकारावरून ते ठरत नाही. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गल्लीतलं बारा माणसांचं लेथचं वर्कशॉप घरचं असतं, आणि १८९७ साली सुरू झालेलं गोदरेजही घराण्याचंच. पाटीवर 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिलंय यावरूनही काही कळत नाही. नवरा-बायको दोघांच्या नावावरही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी निघते. शेअर बाजारात नोंदलेल्या कितीतरी कंपन्यांचा कासरा आजही एकाच कुटुंबाच्या हातात आहे.

खूण तीन गोष्टींत बघायची. मालकीचा मोठा हिस्सा एका कुटुंबाकडे आहे का? शेवटचा शब्द त्या घरातल्या माणसाचा असतो का? आणि धंदा पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा, असं त्यांच्या मनात आहे का? यातली तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. पुढचं बरंचसं तिच्यावरच अवलंबून आहे.

आपल्या भागात अशा कंपन्यांची दाटी आहे. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. पुढे दिघ्यापासून नेरुळपर्यंत ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. मोठे कारखाने आले, त्यातले बरेच बंदही झाले. त्यांना सुटे भाग, खोकी, रबराच्या रिंगा, रंग पुरवणारे छोटे मालक मात्र मोठ्या संख्येने टिकून आहेत. वाशीचं एपीएमसी मार्केट तर गाळ्यागाळ्यांतून कुटुंबांवरच चालतं.

रिक्षा स्वतःची आणि रिक्षा शिफ्टची

ठाणे स्टेशनबाहेरच्या रांगेत दोन तऱ्हेचे रिक्षावाले असतात. एकाची रिक्षा स्वतःची. दुसरा बारा तासांच्या शिफ्टवर भाड्याने घेऊन चालवतो. इंजिनातून जरासा वेगळा आवाज आला की पहिला रिक्षा बाजूला घेतो, एखादं भाडं सोडतो, संध्याकाळी गॅरेज गाठतो. दुसऱ्याला रात्री मालकाला शिफ्टचे पैसे द्यायचे असतात, त्यामुळे तो आवाजाकडे दुर्लक्ष करून गाडी दामटतो. म्हणून तो काही वाईट माणूस ठरत नाही. त्याचा हिशेबच त्या रात्रीपुरता असतो.

मोठ्या कंपनीत मालक असतात हजारो भागधारक, आणि कंपनी चालवतात पगारी साहेब. मालकाचं हित आणि चालवणाऱ्याचं हित यांत जी फट राहते तिला अर्थशास्त्रात 'एजन्सी प्रॉब्लेम' म्हणतात. आपण तिला मालक-कारभाऱ्याचा तिढा म्हणू. साहेबाला दर तीन महिन्यांनी आकडे दाखवायचे असतात, आणि आकडे लवकर सुधारायचे तर माणसं कमी करणं हा सगळ्यात जवळचा रस्ता. घरच्या कंपनीत मालक आणि कारभारी बहुतेक वेळा एकच असतो. त्याला मुलाच्या हाती चालतं दुकान द्यायचं असतं. वीस वर्षं मशीनवर हात बसलेला माणूस मंदीत काढला तर तेजीत तो परत मिळणार नाही, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

त्यापलीकडेही एक गोष्ट असते: नाव. स्पेनमधल्या ऑलिव्ह तेलाच्या घाण्यांवर २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सहकारी संघात सामील झालो तर पैशांचा फायदा आहे आणि जोखीमही कमी आहे, हे दिसत असूनही घरचे घाणे चालवणारी कुटुंबं सामील व्हायला तयार नव्हती, कारण मग निर्णय आपल्या हातात राहणार नव्हता. पैशांत मोजता न येणाऱ्या या ठेव्याला, म्हणजे घराण्याचं नाव, सत्ता, गावातली पत यांना, अभ्यासक 'सामाजिक-भावनिक संपत्ती' म्हणतात. आपल्याकडे ती समजायला अभ्यासाची गरज नाही. "दिवाळीच्या तोंडावर माणसं काढली, असं लोकांनी म्हणायला नको," हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या मालकांच्या तोंडून ऐकलंय. त्यातल्या एकाने त्या वर्षी बोनससाठी कर्ज काढलं होतं.

मग पगार कमी का?

इथे खरी गोम आहे. फ्रान्समध्ये कामगारांच्या आणि कंपन्यांच्या नोंदी एकमेकींशी जोडून अभ्यास झाले आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की घराण्यांच्या कंपन्यांत सरासरी पगार कमी असतो, पण माणसांना काढून टाकण्याचं प्रमाणही कमी असतं. त्याआधी २००७ मध्ये तिथल्याच शेअर बाजारातल्या कंपन्यांवर झालेल्या अभ्यासात वारसांनी चालवलेल्या कंपन्या मंदीच्या झळा कामगारांपर्यंत कमी पोचू देतात, आणि बदल्यात पगार कमी देतात, असं आढळलं होतं.

दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की हा विमा आहे हे लक्षात येतं. मेडिक्लेमचा हप्ता आपण दर वर्षी भरतो, आजारी पडलो नाही तरी. शेठच्या कंपनीतला माणूसही हप्ता भरतो. बाजारात त्याला जो पगार मिळाला असता आणि इथे जो मिळतो, त्यातला फरक म्हणजे तो हप्ता. त्याच्या बदल्यात त्याला वाईट दिवसांचं संरक्षण मिळतं. फक्त या विम्याची पॉलिसी कुठे लिहिलेली नसते.

म्हणजे अगदीच कुठे लिहिलेली नसते असं नाही. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये मी ती बघितली आहे. पितळी फिटिंग्ज बनवणारी कंपनी, पंचवीसेक माणसं. शेठच्या पत्नी, सगळे त्यांना काकी म्हणत, आतल्या केबिनमध्ये बसायच्या आणि त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक लांबोडी वही असायची. उचलीची वही. पगाराचे आकडे जुळवताना ती माझ्यापुढे यायची. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात रक्कम, तिसऱ्यात कारण: 'मुलीची फी', 'गावी पत्रे', 'आईचं डोळ्याचं ऑपरेशन', 'लग्न (मेव्हणी)'. पुढे दर महिन्याला कापलेल्या रकमेच्या टिचक्या. काही ओळींत टिचक्या मध्येच थांबलेल्या, आणि शेवटी काकींच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द, 'सोडले'. मी एकदा विचारलं, हे का सोडले? त्या म्हणाल्या, "त्याची बायको गेली ना त्या महिन्यात."

या उचलीला व्याज नव्हतं, अर्ज नव्हता, हमीदार नव्हता. बँकेने ज्या माणसाला दारात उभं केलं नसतं त्याला सकाळी अकराला सांगितलेले पैसे दुपारच्या जेवणाआधी मिळायचे. हे सहा हजारांच्या तागडीत कसं तोलायचं, तुम्हीच सांगा.

हा विमा कुणाला परवडतो?

सगळ्यांना परवडत नाही. तेविसाव्या वर्षी, अंगावर जबाबदारी नसताना, जास्त पगार आणि मोठं नाव घेऊन दोन-तीन उड्या मारणं शहाणपणाचं असू शकतं. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले आईवडील आहेत, बाळंतपणानंतर ज्या परत कामाला लागताहेत, ज्यांची पंचेचाळिशी उलटली आहे आणि ज्यांचा बायोडेटा पोर्टलवरच गळतो, त्यांच्यासाठी गणित वेगळं बसतं. 'मुलाच्या शाळेत जाऊन येते, दोन तासांत,' असं टेबलापाशी उभं राहून म्हणता येणं ही मोठी सोय आहे. अकाउंट्स, जीएसटी, बँक, खरेदी हे सगळं एकाच खुर्चीवरून शिकायला मिळणं हीसुद्धा कमाईच आहे. मोठ्या कंपनीत तीच मुलगी तीन वर्षं फक्त विक्रेत्यांची बिलं तपासत बसली असती.

'घरच्यासारखं' म्हणजे फुकट राबवून घेणं नाही का?

पुष्कळदा तसं होतं, आणि ते लपवून उपयोग नाही. "तू काय परका आहेस का?" हे वाक्य उचल देतानाही येतं आणि रविवारी कामावर बोलावतानाही. ज्याने आईच्या ऑपरेशनला पैसे दिले त्याच्याकडे ओव्हरटाइमचे पैसे मागायला जीभ रेटत नाही. या अवस्थेला मराठीत नेमका शब्द आहे, मिंधेपणा. हा विम्याचा दुसरा, न दिसणारा हप्ता. मी अशी माणसं बघितली आहेत ज्यांनी दर महिन्याला शेठच्या घरची लाइटबिलं भरली, मुलांना क्लासला सोडलं, आणि पंधरा वर्षांनी पगारवाढ मागितली तेव्हा त्यांना कृतघ्न ठरवलं गेलं.

तक्रारीचाही प्रश्न येतो. शेठच्या पुतण्याने त्रास दिला तर सांगायचं कुणाला? त्याच्या काकांना? स्त्रियांच्या बाबतीत निदान इतकं ठाऊक असू द्यावं, की लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरच्या कंपनीत काम करणाऱ्या बहुतेक बायकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

बढतीचंही एका ओळीत सांगतो: वरची खुर्ची आडनावाने आधीच भरलेली असते. मॅनेजरपर्यंत जाल, त्यापुढे नाही. ज्याला ते खुपतं त्याने सुरुवातीलाच दुसरीकडे बघावं.

पण मोठे शेठ गेल्यावर?

मला विचाराल तर सगळ्यात मोठा धोका इथे आहे, कमी पगारात नाही. विम्याची पॉलिसी एका माणसाच्या शब्दावर चालते, आणि तो माणूस कायमचा नसतो.

डेन्मार्कमध्ये कंपन्यांचे प्रमुख बदलले तेव्हा काय झालं याचा एक गाजलेला अभ्यास आहे, तोही २००७ चा. नुसती तुलना करून भागत नाही, कारण मुळातच बऱ्या चाललेल्या किंवा डबघाईला आलेल्या कंपन्यांत वारस वेगळ्या पद्धतीने निवडले जात असतील. म्हणून संशोधकांनी एक युक्ती केली. जाणाऱ्या प्रमुखाचं पहिलं अपत्य मुलगा असेल तर खुर्ची घरातच राहण्याची शक्यता वाढते, आणि पहिला मुलगा की मुलगी हे तर नशिबावर असतं. त्या आधारावर हिशेब मांडल्यावर असं निघालं, की घरचा वारस बसला तिथे मालमत्तेच्या तुलनेत मिळणारा नफा बाहेरचा माणूस नेमलेल्या कंपन्यांपेक्षा किमान ४ टक्के-अंकांनी घसरला. रक्ताचा वारसा मिळतो, धंद्याची जाण त्याच्याबरोबर येतेच असं नाही.

ठाण्यात आणखी एक गोष्ट आहे: जमीन. पोखरण रोडवर जिथे रेमंडची गिरणी होती तिथे आज त्याच समूहाच्या गृहप्रकल्पाचे टॉवर उभे आहेत. आजोबांनी एमआयडीसीत घेतलेल्या प्लॉटची आजची किंमत आणि त्यावरच्या वर्कशॉपचा वर्षाचा नफा नातवाने शेजारी शेजारी मांडला, की मशीन विकून जागा भाड्याने देणं त्याला सोपं वाटतं. त्याला दोष देता येणार नाही. पण ज्याने वीस वर्षं हप्ता भरला त्याचं काय?

काकींची वही अशीच बंद झाली. मोठे शेठ गेले, काकींनी येणं थांबवलं, मुलाने पगाराचं सॉफ्टवेअर आणलं. मुलगा कामसू, सरळ, हिशेबाला चोख. त्याच्याच काळात तिथला एक फिटर निवृत्त झाला. कामाला लागला २००० साली, निवृत्त झाला २०२५ मध्ये. पण सुरुवातीची सहा वर्षं पगार रोख पाकिटातून, हजेरीपट जपलेले नाहीत. कागदावर रुजू तारीख २००६ ची. ग्रॅच्युइटीचा हिशेब साधा असतो: शेवटचा मासिक मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. त्याचे असे २६ हजार होते, म्हणजे वर्षाला १५ हजार. पंचवीस वर्षांचे ३ लाख ७५ हजार व्हायला हवे होते, कागदाने १९ वर्षांचे २ लाख ८५ हजार दिले. नव्वद हजारांचा फरक. कायद्याने ते पैसे त्याचेच होते, पण २००० सालचा पुरावा आणायचा कुठून? "शेठ असते तर विचारायचीसुद्धा वेळ आली नसती," असं तो माझ्यासमोर म्हणाला, आणि मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याने नंतर स्वतःहून काही रक्कम दिली, पूर्ण नाही. मी स्वतः तेव्हा तिथली कागदपत्रं बघत होतो. जुन्या माणसांच्या रुजू तारखा तपासून घ्या, असं मी वेळेवर सांगायला हवं होतं. ते राहिलं, आणि अजून सलतं.

एकाच गाळ्यातली दोन माणसं

वाशीच्या धान्य बाजारात कुठल्याही गाळ्यात सकाळी गेलात तर शब्दावरची नोकरी आणि कागदावरची नोकरी शेजारी शेजारी दिसेल. गादीजवळ वही घेऊन बसलेला दिवाणजी बहुधा मालकाच्या ओळखीतून आलेला. रोकड, उधारी, कुठला दुकानदार बुडवणारा, सगळं त्याला ठाऊक. त्याच्या नोकरीचा आधार म्हणजे शेठचा विश्वास. बाहेर पोत्यांची थप्पी लावणारा माथाडी त्याच शेठचा माल उचलतो, पण १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे त्याची नोंद माथाडी मंडळाकडे असते. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरलेल्या टक्क्यांची वरची रक्कम, मंडळात भरतो. पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनसची सोय त्यातून होते. शेठ बदलला, गाळा विकला, तरी त्याची नोंद पुसली जात नाही. अण्णासाहेब पाटलांनी ज्यासाठी माथाडींना उभं केलं ते हेच.

दिवाणजीला शेठच्या घरच्या लग्नाचं पहिलं निमंत्रण असतं, माथाडीला नसतं. म्हातारपणाच्या हिशेबात मात्र माथाडीची बाजू बऱ्याचदा भक्कम निघते. दोघांकडे जे आहे ते एकाच माणसाला मिळायला कायद्याची आडकाठी मुळीच नाही.

मग कागदावर काय काय मागता येतं?

विश्वास कागदावर येत नाही, पण विम्याचा बराच भाग येतो. नव्या संहितांनी नियुक्तीपत्र देणं सगळ्यांसाठी बंधनकारक केलं आहे. १० किंवा जास्त माणसं असतील तर ग्रॅच्युइटी लागू होते. कायम नोकरीत पाच वर्षांची अट आहे, ठरावीक मुदतीच्या नोकरीत आता एका वर्षाच्या सेवेवरही ती मिळते. भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर वरचा भाग वेतनात धरायचा, त्यामुळे मूळ पगार मुद्दाम लहान दाखवून ग्रॅच्युइटी आणि पीएफ कमी करण्याची जुनी खोड आवरते. २० माणसं झाली की पीएफ, आणि पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के बोनस. १० किंवा जास्त माणसांच्या कारखान्यात, २१ हजारांपर्यंत वेतन असेल तर ईएसआय.

"हे मागितलं तर शेठला राग येईल," असं मला नेहमी सांगितलं जातं. मागायची वेळ नीट निवडली तर सहसा येत नाही. रुजू व्हायच्या आधी मागावं, रुजू झाल्यावर पाच वर्षांनी नाही. पीएफ लागू असेल तर पासबुक दर तीन महिन्यांनी मोबाइलवर उघडून बघावं. आणि मुलाखतीला जाल तेव्हा तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाला चहाच्या वेळी गाठून दोन गोष्टी विचाराव्यात: लॉकडाउनमध्ये इथे पगाराचं काय झालं होतं, आणि आता रोजचा कारभार कोण बघतं, मोठे शेठ की मुलगा-मुलगी? पहिल्या उत्तरातून विमा खरा आहे का ते कळतं, दुसऱ्यातून तो किती वर्षं चालेल त्याचा अंदाज येतो.

आमच्या सोसायटीतल्या मुलीने रबाळ्याला जाऊन हेच विचारलं. लॉकडाउनमध्ये तीन महिने निम्मा पगार मिळाला होता, उरलेला निम्मा पुढच्या वर्षी दोन हप्त्यांत दिला गेला, असं तिथल्या स्टोअरकीपर मावशींनी सांगितलं. कारभार सध्या मालकांची थोरली मुलगी बघते. तिच्याकडे नियुक्तीपत्र मागितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडे आजवर कुणी मागितलंच नव्हतं, दोन दिवस द्या." चौथ्या दिवशी दोन पानांचं पत्र आलं. वडील ते घेऊन माझ्याकडे आले, आणि दोघांनी मिळून आधी रुजू होण्याची तारीख वाचली.